देवघरातली शिळाछाप तसबीर

श्रोतेहो, घरातली जुनी लक्ष्मीची वा सरस्वतीची तसबीर एकदा उतरवून पाहा. खाली कदाचित रविवर्मा प्रेसचे नाव दिसेल. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीस गेला. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढीत. दगड ओला केला, की छपाईची शाई तेवढ्या चित्रालाच धरते. दर रंगाला दगड निराळा! राजवाड्यातली चित्रकला अशी शेतकऱ्याच्या भिंतीवर आली. १९७२ साली मळवलीचा कारखाना आगीत सापडला. म्हणून घरोघरच्या तसबिरी हाच आता मोठा पुरावा. मिहानसाठी नागपूरजवळ खापरी, शिवणगावसारख्या गावांची जमीन गेली. घर हलते तेव्हा असा कागद आधी टाकला जातो. गुरुजी, मुलांकडून त्याची नोंद करून घ्या; आणि चौकटीसाठी छापखान्याच्या नावाची कड मात्र कापू देऊ नका.