पेटीतली पुस्तके, पडद्यावरची चित्रे



सावलीला मराठी माणूस नवा नाही. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली आणि त्यांचे अंत्यसंस्कार आपल्या या गावी झाले. पिलाजीराव आणि त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या स्मरणार्थ उभारलेली देवळे इथे आहेत. तेव्हापासून आपली भाषा इथल्या घरांत बोलली जाते. बोलणे टिकले, वाचणे मात्र आटत चालले आहे. दवाखान्यात येणारे साठीपुढचे गृहस्थ नाडी दाखवता दाखवता सांगतात, "डॉक्टर, वाचन सुटलं हो." त्यांची नातवंडे आजीशी मराठीत बोलतात, पण शाळा गुजराती किंवा इंग्रजी. मधल्या पिढीला घर लहान पडते, मग कपाट रिकामे होते आणि पुस्तके रद्दीच्या तराजूवर चढतात.

वाचन सुटले म्हणणाऱ्याला मी विचारतो, काय वाचायचे सुटले? उत्तर बहुधा एकच असते : कादंबरी. वाचन म्हणजे कथा-कादंबरी, हे समीकरण आपण इतके पक्के केले आहे, की चारशे पानांत मन रमेनासे झाले की आपली वाचकाची ओळखच पुसली गेली असे वाटते. आपल्याच जुन्या राज्याचा इतिहास याहून वेगळे सांगतो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. शिकलेले अक्षर टिकायचे तर गावात पुस्तक हवे, म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल बडोद्यास आले आणि तीन वर्षे राहिले. गावाच्या वाचनालयाचा खर्च तीन वाट्यांत विभागला : एक वाटा गावकऱ्यांचा, एक सरकारचा, एक पंचायतीचा. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेटीतून पुस्तके जात. ती फिरती वाचनालये. बॉर्डन गेल्यावर ग्रंथालय खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्या मराठी माणसाने वाहिली. १९१२ साली निघालेल्या खात्याच्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

याच खात्याची एक शाखा चित्रांतून शिक्षण देणारी होती, इकडे आपले लक्ष कमी जाते. तिच्याकडे जादूचा कंदील होता, चित्रपटाचे यंत्र होते. दोन डोळ्यांनी पाहताच चित्र उठून दिसणारे स्टिरिओस्कोपही होते. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ग्रंथालय खात्याने आपला मानले. चित्र पाहिले की प्रश्न पडतो, आणि उत्तराची ओढ माणसाला पुस्तकापर्यंत नेते.

साहित्यिकांची दृष्टीही तेव्हा रुंद होती. १९०९ साली बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. व्यवसायाने डॉक्टर, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. बामनदास बसूंसह त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ साली निघाला. त्यात हजाराहून अधिक चित्रे आहेत. वनस्पतींशी माझा धंद्याचा संबंध आहे म्हणून सांगतो, चित्राशिवाय झाड ओळखणे म्हणजे वर्णनावरून नवरदेव शोधणे.

दुसरा दाखला बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार, म्हणजे आबासाहेब यांचा. त्यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत मराठीत सिद्ध केला. मल्लखांबाची एखादी उडी शब्दांत सांगू पाहा. हात कुठे, पाय कुठे, वाचणारा गोंधळून जाईल. तिथे चित्र हवेच. आणि चित्राखालच्या दोन ओळी वाचल्याशिवाय पकड कळत नाही. चित्र आणि शब्द इथे एकमेकांचा हात धरून चालतात.

तिकडे महाराष्ट्रात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, भाग विकून ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघू लागला. १९७६ साली त्याचा पहिला खंड आला. त्याच्या चित्रपत्रांवर बोट ठेवून मीही साठीत पुन्हा वाचू लागलो. होमिओपॅथीच्या अभ्यासाने ही सवय आधीच लावली होती. केंटची रेपर्टरी कोणी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचत नाही. एक लक्षण शोधायला उघडावी, तर शेजारचे लक्षण खुणावते आणि तास जातो. कोशाची गोडी अशीच. 'कापूस' पाहायला जावे आणि 'कापूर' वाचून उठावे.

मी जैन आहे. श्रुतपंचमीला आम्ही ग्रंथ बाहेर काढून पुसतो, नवे वेष्टन घालतो आणि पूजतो. शेजारचे श्वेतांबर बंधू कार्तिकात ज्ञानपंचमी करतात. ग्रंथाचा मान पूजेत आहे, त्याहून जास्त तो उघडण्यात आहे.

तेव्हा एवढे करा. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी कपाटातली कोश, नकाशे, पक्षी-वनस्पतींची चित्रमय पुस्तके बाजूला काढा. त्यांतले एक बैठकीत, हाताशी येईल असे ठेवा. बंद कपाटात नको. ज्येष्ठांनी रोज एकच नोंद वाचावी, मोठ्याने वाचली तर उत्तम. नातवंडे हिंदीमुळे देवनागरी वाचतात. अडतो तो मराठी शब्द. 'खंड्या' हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, पण शेजारी निळ्या पंखांचे चित्र असेल तर त्यांना कोणी अर्थ सांगावा लागणार नाही. आपल्या तलावाच्या काठी तो पक्षी दिसला, की त्याला ती मराठीत हाक मारतील.