परत मिळालेले नाक आणि कमी केलेले नाक

मराठी भाषेने नाकावर जेवढी जबाबदारी टाकली आहे तेवढी दुसऱ्या एखाद्या अवयवावर क्वचितच टाकली असेल. अब्रू गेली की नाक कापले जाते, शरण गेलेला नाक घासतो, तुच्छता दाखवावयाची तर नाक मुरडले जाते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. ज्या मुलीचे वर्णन थोडक्यात आटोपावयाचे असेल ती 'नाकीडोळी नीटस' असते. लांब नाकाच्या मुलास शाळेत 'पोपटनाक्या' म्हणून चिडवतात हे खरे. परंतु आपल्या भाषेचा एकंदर कल नकट्या नाकास हिणवण्याकडे आणि सरळ, धारदार नाकाचे कौतुक करण्याकडे आहे. त्यामुळे निरोगी, धडधाकट, केवळ लांब असलेले नाक शस्त्राने कापून लहान करून घ्यावे ही इच्छा मराठी वाचकास प्रथमदर्शनी थोडी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. या इच्छेला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे एक मूळ पुण्याच्या परिसरात आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यात आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो तो एक फरक: गेलेले नाक परत मिळवणे आणि असलेले नाक कमी करणे, या दोन्ही क्रिया अपमानावरचे उपाय म्हणून जन्मास आल्या, पण पहिलीत अपमानाची जखम देहावर होती, दुसरीत ती पाहणाऱ्याच्या नजरेत होती.

प्रथम पुण्याकडे वळू. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली केवळ 'बी. एल.' एवढी आद्याक्षरे होती. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकीकत आहे. तो शेतकरी जातीचा मराठा असून १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करीत होता, असे पत्रात म्हटले आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापून त्यास सोडून देण्यात आले. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळ एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये ती अंगास जोडलेली राहू दिली, म्हणजे तिचा रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती पट्टी पिळून खाली वळवली व नाकाच्या कडांत बसवली. वर पाण्यात कालवलेल्या काताचा लेप दिला. सुमारे पंचविसाव्या दिवशी वरचा जोड कापला. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले होते. त्यावरून केलेली आकृती पत्रासोबत छापलेली आहे.

या पत्रात रुग्णाचे नाव आहे आणि शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिलेल्या इंग्रज वैद्यांची नावेही आहेत. नाही ते फक्त नाक करणाऱ्याचे. तो विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढीच त्याची ओळख नोंदली गेली. सुश्रुतसंहितेत गालाची त्वचा वापरून नाक जोडण्याची रीत सांगितलेली आहे. झाडाच्या पानाने माप घ्यावे, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, जोडलेले नाक उणे पडल्यास वाढवावे आणि मांस जास्त झाल्यास सारखे करावे, इतका बारकावा त्यात आहे. परंतु पुण्याजवळच्या त्या कारागिराने गालाऐवजी कपाळ वापरले. ग्रंथ आणि हातोहात चालत आलेली कारागिरी यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसावा, असे यावरून वाटते. 'भारत हा प्लास्टिक सर्जरीचा जनक' असे अभिमानाने सांगताना आपण सुश्रुताचे नाव घेतो. या दुसऱ्याचे घेता येत नाही, हेही त्याच इतिहासात मोडते.

हे पत्र लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याच्या मनात घर करून राहिले. त्याने मृत देहांवर सराव केला, आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. पाऱ्याच्या औषधांनी त्याचे नाक गेले होते. कार्प्यूच्या दुसऱ्या रुग्णाचे नाक लढाईत तलवारीने कापले गेले होते. १८१६ मध्ये कार्प्यूने या दोन्हींचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला, आणि १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याने या विषयावर 'ऱ्हिनोप्लास्टिक' या नावाचा ग्रंथ लिहिला. नाकाच्या शस्त्रक्रियेस आजही आपण 'ऱ्हिनोप्लास्टी' म्हणतो. येथवर प्रश्न एकच होता: जे नाही ते कसे आणावे? कावसजीच्या कपाळावर पडलेला व्रण कोणासही दिसला असता. तो लपवण्याचे कारणही नव्हते. नाक कोणी व का कापले हे सर्वांस ठाऊक होते, आणि ते परत मिळाले याची साक्ष तो व्रणच देत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न पालटला. १८८७ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लँडो रो याने बसके व शेंड्याशी वर उचललेले नाक नाकपुडीच्या आतून कसे नीट करावे याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथील व्यंगचित्रांत असले नाक आयरिश स्थलांतरितांच्या चेहऱ्यावर चिकटवलेले असे. म्हणजे 'नकटे' हे विशेषण तेथे एका समाजाच्या नावावर चढले होते. बर्लिनमध्ये याच सुमारास दुसरे विशेषण दुसऱ्या समाजावर चढले होते: लांब, बाकदार नाक म्हणजे ज्यूचे नाक.

जाक जोसेफ हा बर्लिनचा शल्यवैद्य स्वतः ज्यू होता. १८९६ मध्ये त्याने एका मुलाचे बाहेर आलेले कान डोक्यालगत बसवले. शाळेतली चिडवाचिडवी हे कारण, रोग कोणताच नाही. या उपद्व्यापापायी त्याची साहाय्यकाची नोकरी गेली. ती बातमी ऐकून एक तरुण जमीनदार त्याच्याकडे आला. त्याचे नाक मोठे होते. लोक टक लावून पाहतात म्हणून त्याने चारचौघांत मिसळणे सोडले होते. १८९८ मध्ये जोसेफने त्याचे नाक लहान केले आणि बर्लिनच्या वैद्यकसभेपुढे ते प्रकरण मांडले. त्याचा युक्तिवाद असा की, या माणसाचे दुःख खरे होते आणि शस्त्रक्रियेनंतर ते गेले. उपचाराचे समर्थन म्हणून एवढे पुरेसे आहे.

हा युक्तिवाद आम्हांस सहज टाकून देण्यासारखा वाटत नाही. 'असे काय आहे त्या नाकात?' असे म्हणणारे बहुधा ते नाक घेऊन वावरलेले नसतात. परंतु जोसेफच्या पुढील कौशल्याची दिशा पाहावी. पहिली शस्त्रक्रिया बाहेरून छेद घेऊन झाली होती; काही वर्षांतच तो नाकपुडीच्या आतून शस्त्र घालू लागला, जेणेकरून बाहेर व्रण राहू नये. कावसजीच्या बाबतीत व्रण चालत होता. येथे व्रण राहिला तर सारेच फसले, कारण येथे नाक पालटल्याची गोष्टच लपवावयाची होती. गंमत अशी की जोसेफच्या स्वतःच्या चेहऱ्यावर विद्यार्थिदशेतील तलवारीच्या द्वंद्वाचे व्रण होते, आणि त्या काळच्या जर्मनीत तसले व्रण प्रतिष्ठेचे मानले जात. कोणता व्रण मिरवावा आणि कोणता झाकावा, हे कातडी ठरवीत नाही.

नाकावरून माणसाचा वंश वाचण्याचा हा खटाटोप केवळ युरोपात चालला नव्हता. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने बंगालमधील जातींवरील १८९१ च्या ग्रंथात माणसांची नाके मोजली. नाकाची रुंदी उंचीच्या शेकडा किती, हा त्याचा 'नासिकांक'. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त त्याने मांडला. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हाच गृहस्थ होता. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात मापे प्रांतवार तपासून हा सिद्धान्त सर्वत्र लागू पडत नाही हे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर तीच मापे उलट फिरवली: नासिकांक ही वंशाची कसोटी मानायचीच असेल, तर त्याच आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात शोधणे व्यर्थ आहे. 'धारदार नाक' हे आपल्याला निव्वळ सौंदर्याचे वर्णन वाटते. रिस्लेच्या हाती त्याची पट्टी कशी झाली हे पाहिल्यावर ते विशेषण तितक्या निरागसपणे वापरता येत नाही.

युरोपातील पट्टीही खोटीच होती. मॉरिस फिशबर्ग याने न्यूयॉर्कमधील ज्यूंची नाके तपासून १९११ च्या ग्रंथात दाखवले की त्यांपैकी जेमतेम १४ टक्के नाके बाकदार होती. म्हणजे ज्या खुणेवरून समाज ओळखावयाचा ती खूण बहुसंख्यांच्या चेहऱ्यावर नव्हतीच. ती व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यात होती. याहून कठोर पुरावा पुढे आला. जोसेफ १९३४ च्या फेब्रुवारीत वारला. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले, आणि ज्यू कोण हे ठरवण्यासाठी त्या कायद्यांनी आजी-आजोबांचा धर्म पाहिला. ज्यांनी नाक कमी करून घेतले होते त्यांस त्या कायद्यापुढे त्याचा काहीही उपयोग नव्हता. पाहणाऱ्यास खूण हवी होती तोवर त्याने नाक दाखवले. नाकाने भागेना तेव्हा दप्तर उघडले.

साहित्यास ही गोष्ट शस्त्रवैद्यकाच्या बरोबरीनेच उमगली होती असे दिसते. एदमाँ रोस्ताँचे 'सिरानो द बेर्जराक' हे नाटक २८ डिसेंबर १८९७ रोजी पॅरिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. जोसेफच्या पहिल्या नासिकाक्रियेच्या ऐन तोंडावर. सिरानो आपल्या प्रचंड नाकाची थट्टा करणाऱ्यास शब्दांनी आणि तलवारीने गप्प करतो, पण रोक्सानपुढे उभे राहण्याचे धैर्य त्यास होत नाही. लोकांची नजर त्याने परतवली. आपल्या मनात शिरलेली तीच नजर मात्र त्यास परतवता आली नाही. 

१९१६ मध्ये जपानी लेखक अकुतागावा र्यूनोसुके याने 'नाक' ही कथा लिहिली. तिच्यातील झेन्ची हा वृद्ध भिक्षू हनुवटीखाली लोंबणाऱ्या नाकाने त्रस्त आहे. शिष्य ते नाक गरम पाण्यात शिजवून, पायाने तुडवून लहान करतो. उपाय साधतो, आणि लोक पूर्वीपेक्षा अधिक हसू लागतात. पूर्वीच्या हसण्यात थोडी दया होती. आता आपल्या व्यंगातून सुटू पाहणाऱ्या माणसाबद्दलची एक सुप्त नाराजी त्यात मिसळली आहे. एके सकाळी नाक पुन्हा लांब झालेले पाहून भिक्षूस हायसे वाटते. ही कथा वर्गात शिकवताना 'आहे तसे स्वीकारावे' असे तात्पर्य काढले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. भिक्षूस नाकाचा त्रास फारसा नव्हताच. त्यास त्रास होता तो आपण नाकाचा विचार करतो हे लोकांस कळेल याचा. लहान झालेल्या नाकाने नेमके तेच जगजाहीर केले.

आज पुण्यामुंबईत ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे. नाकाचा दांडा घासून, शेंड्याची कूर्चा छाटून लांबी कमी करतात. सूज पूर्ण ओसरून अंतिम आकार दिसण्यास वर्षही लागते, श्वासास अडथळा होण्याचा धोका असतो आणि काहींस पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. इटलीच्या एन्रिको मोर्सेली याने १८९१ मध्येच, व्यंग नसता आपण विद्रूप आहोत या भीतीने पछाडलेल्या रुग्णांचे वर्णन केले होते. अशा माणसास शस्त्राने समाधान मिळणे कठीण, म्हणून जाणते शल्यवैद्य आज रुग्णास त्याच्या अपेक्षांबद्दल आधी बारकाईने विचारतात. जो सर्व समजून लांब नाक कमी करून घेतो त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. ज्या समाजात मुलीचे स्थळ 'नाकीडोळी नीटस' या दोन शब्दांवर जुळते किंवा मोडते, तेथे तो निर्णय पूर्णपणे तिचा एकटीचा असतो असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल.

कावसजीचे नाक शत्रूने कापले, आणि तो अन्याय आहे याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. बर्लिनच्या जमीनदाराच्या नाकास कोणी हात लावला नाही. लोक केवळ पाहत राहिले, आणि ते कापण्याचा खर्च त्याने स्वतः सोसला. पहिल्या गोष्टीत अपराधी दाखवता येतो. दुसरीत तो इतक्या जणांत वाटलेला आहे की कोणासच आपला वाटा आठवत नाही. त्या वाट्याचा एक भाग भाषेकडे येतो. आणि आपण साहित्याचे विद्यार्थी व शिक्षक असल्याने तेवढा तरी आपल्या हातातला आहे. पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीत नायिकेचे नाक 'चाफेकळीसारखे' आणि मोलकरणीचे 'फेंदारलेले' आढळले, तर तेथे क्षणभर थांबावे आणि ही पट्टी कोठून आली, एवढे वर्गात विचारावे.