टोयोटाचं नाव कसं झालं, आणि कुठे घसरलं



रणगाडे आणि तोफांवरचे भाग झाल्यापासून एक मागणी सतत येते आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही येवो, मजकूर एकच: "साहेब, कधीतरी गाड्यांवर बोला." मी ईएमईमधला माणूस. सैन्याच्या गाड्या आणि रणगाडे चालते ठेवणं हे आमच्या कोअरचं काम. तेव्हा या विषयाला नाही म्हणणं मला शोभलं नसतं.

सैन्यातल्या जुन्या मंडळींना वाटेल, हा आता जोंगावर बोलणार. जोंगा म्हणजे निसानची पट्रोल गाडी, जबलपूरच्या कारखान्यात बनणारी. ती आमच्या हाताखालून शेकड्यांनी गेली. पण आज मी निसानच्या शेजारच्या घरात जाणार आहे. टोयोटाच्या. जोंगाचा उल्लेख वाटेत येईलच, कारण दोघींची पत्रिका एकाच वर्षी मांडली गेली.

सुरुवात मात्र गाडीपासून करता येत नाही. मागापासून करावी लागते.

साकिची टोयोदा हा १८६७ साली जन्मलेला एका सुताराचा मुलगा. घरी आई हातमागावर विणायची. तिचे कष्ट पाहून या पोराच्या डोक्यात माग सुधारायचं वेड शिरलं आणि १८९० मध्ये त्यानं पहिला लाकडी हातमाग तयार केला. पुढची तीसेक वर्षं तो मागच बनवत राहिला. १९२४ मध्ये त्याचा 'जी' जातीचा स्वयंचलित माग आला. गिरणगावात किंवा सोलापुरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना या मागाचं महत्त्व चटकन कळेल. धोट्यातली कांडी संपली की माग थांबवून धोटा बदलावा लागे. या मागात तो पूर्ण वेगात आपोआप बदलला जाई. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. ताण्याचा किंवा बाण्याचा एक जरी धागा तुटला, तरी माग स्वतःहून थांबायचा.

का थांबायचा, हे नीट पाहा. साधा माग धागा तुटल्यावरही चालूच राहतो आणि खराब कापड विणत बसतो. मग कुणीतरी मागाशेजारी उभं राहून डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचं. साकिचीच्या यंत्राला चूक झालेली कळत होती आणि चूक पुढे ढकलायची नाही एवढी अक्कल होती. त्यामुळे एक माणूस एकाच वेळी अनेक माग सांभाळू लागला. या तत्त्वाला जपानीत 'जिदोका' म्हणतात. शब्द साध्या 'स्वयंचलन'साठीचाच, पण टोयोटावाले लिहिताना त्यातल्या एका चिन्हाला माणसाचं चिन्ह जोडतात. उच्चार तोच, अर्थ मात्र माणसाची बुद्धी असलेलं यंत्र.

१९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घ्यायचा करार केला. प्लॅट म्हणजे त्या काळचं यंत्रांमधलं बडं घराणं, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारं. त्यांनी सुताराच्या पोरापुढे हात पसरला! या पैशातून टोयोटाची मोटार जन्मली अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला ती जरा जास्तच गोळीबंद वाटते. एवढ्या रकमेत मोटारीचा कारखाना उभा राहत नसतो. खरं भांडवल मागाच्या चालत्या धंद्यातून आलं आणि हिंमत साकिचीच्या मुलाची होती.

हा मुलगा किइचिरो, टोकियो विद्यापीठातला यंत्र अभियंता. १९३३ मध्ये त्यानं माग कंपनीतच मोटार विभाग काढला, एक शेवरोले आणून सुटी केली आणि एकेक भाग समजून घेतला. १९३५ मध्ये पहिला ट्रक आला. तो वारंवार बंद पडे. कंपनीची माणसं रात्री-बेरात्री रस्त्यावर जाऊन दुरुस्त्या करत. आज ज्या नावाचा अर्थच 'बंद न पडणारी गाडी' असा झाला आहे, त्याची सुरुवात ही अशी. नाव ठरवायला १९३६ मध्ये स्पर्धा घेतली, सत्तावीस हजारांच्या आसपास सूचना आल्या आणि टोयोदाचं 'टोयोटा' झालं. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येतं आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. ऑगस्ट १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

युद्धकाळाबद्दल थोडक्यात सांगतो. सैन्याला ट्रक हवे होते, कंपनीनं ते दिले. शेवटी-शेवटी पोलाद एवढं कमी पडलं की ट्रकला एकच दिवा आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना. असा ट्रक हाती आलेल्या ड्रायव्हरची मला खरोखर कीव येते. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, शरणागतीच्या आदल्या दिवशी, कोरोमोच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. टाकणारी अमेरिकी तुकडी तीच, जिनं आठवड्याभरापूर्वी हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकले होते.

आता १९५० कडे येऊ. माझ्या मते टोयोटाचा खरा इतिहास इथे घडला.

महागाई रोखण्यासाठी अमेरिकी सल्ल्यानं जपाननं हात आखडता घेतला आणि गाड्यांची विक्री कोसळली. टोयोटाचं दिवाळं निघायची वेळ आली. बँकांनी पैसे दिले, पण अटी घालून: विक्रीची कंपनी वेगळी काढा आणि माणसं कमी करा. किइचिरो तोवर कामगारांना शब्द देत आला होता की कुणालाही काढणार नाही. १,६०० माणसं कमी करण्याचा प्रस्ताव आला आणि कारखान्यात संप पेटला. दोन महिने चालला. शेवटी माणसं गेली, आणि शब्द पाळता आला नाही म्हणून जून १९५० मध्ये किइचिरोनंही खुर्ची सोडली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध सुरू झालं. अमेरिकी सैन्याला जवळपास ट्रक हवे होते. टोयोटाला सुमारे ४,७०० ट्रकांचं काम मिळालं आणि कंपनी वाचली. काही आठवडे आधी हे युद्ध सुरू झालं असतं तर किइचिरो जाता ना. मार्च १९५२ मध्ये, परत बोलावण्याचं ठरलेलं असताना, तो वारला. वय ५७.

एका शेजारी देशाच्या रक्तपातावर दुसऱ्या देशाचा कारखाना उभा राहिला, हे सैनिक म्हणून मला बोचतं. पण इतिहासात ते आहे आणि ते वगळून टोयोटाची थोरवी गाण्यात अर्थ नाही.

याच युद्धामुळे जपानमध्ये राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभं राहिलं आणि त्यांना जीपसारखी गाडी हवी होती. १९५१ मध्ये टोयोटानं बीजे नावाची गाडी पुढे केली, निसाननं पट्रोल. कंत्राट दोघांनाही मिळालं नाही. अमेरिकी विलीज जीप जपानमध्ये बनवणाऱ्या मित्सुबिशीनं ते नेलं. हरलेल्या टोयोटानं काय करावं? त्यांचा चाचणी चालक गाडी घेऊन फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढला. तिथवर तोपर्यंत कुठलीच मोटार गेली नव्हती. पोलिसांनी लगेच मागणी नोंदवली. १९५४ मध्ये या गाडीला 'लँड क्रूझर' नाव मिळालं. आणि हरलेली दुसरी, म्हणजे निसानची पट्रोल, तिची पुढची पिढी आपल्याकडे येऊन जोंगा झाली. एकाच परीक्षेत नापास झालेल्या या दोघी!

आता दोरीची गोष्ट. तायइची ओनो हा मागाच्या कारखान्यातून मोटारीकडे आलेला माणूस. बापाचा तुटलेला धागा आणि मुलाचं 'लागेल तेव्हा, लागेल तेवढंच' हे तत्त्व, दोन्ही त्यानं एकत्र बांधली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये ग्राहक उचलेल तेवढाच माल फळीवर पुन्हा भरतात, तसंच त्यानं सुट्या भागांचं केलं. त्यासाठीची चिठ्ठी म्हणजे 'कानबान'. यावर पोत्यानं पुस्तकं आहेत, मी त्यात शिरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती दोरी. गाड्या जुळवण्याच्या रांगेवर प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकलं असं दिसलं की ओढायची. मुकादम धावत येतो. तेवढ्यात सुटलं नाही तर अख्खी रांग थांबते.

सैन्यात हे आम्हाला नवं नाही. फायरिंग रेंजवर धोका दिसला तर नव्यातला नवा जवानसुद्धा 'स्टॉप' ओरडू शकतो आणि कर्नल असला तरी गोळीबार थांबतो. पण कारखान्यात रांग थांबणं म्हणजे मिनिटाला पैसे जळणं. तो अधिकार सर्वांत खालच्या माणसाच्या हाती देणं सोपं नाही.

ते चालतं याचा पुरावा कॅलिफोर्नियात मिळाला. फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनी तो एकत्र सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच, संघटनाही तीच. दोरी मात्र नवी. थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात जपानी गाड्यांच्या पंगतीला बसल्या. माणसं वाईट नव्हती, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरा पुरावा वाळवंटातला, आणि तो टोयोटानं मागितलेलाही नव्हता. १९८७ मध्ये चाड आणि लिबियाच्या लढाईत चाडच्या सैनिकांकडे रणगाडे नव्हते. त्यांच्याकडे होते टोयोटाचे पिकअप आणि त्यांवर बसवलेली फ्रेंच मिलान क्षेपणास्त्रं. लिबियाकडे टी-५५ रणगाडे. दोन्ही शस्त्रं आपल्याही सैन्यात होती, त्यामुळे हा सामना मला कागदावरही स्पष्ट दिसतो. जानेवारीत फाडा इथे हसन जामूसच्या तुकड्यांनी एका लिबियन ब्रिगेडचा धुव्वा उडवला, नव्वदच्या वर रणगाडे नष्ट केले. मार्चमध्ये वादी दूमचा मोठा तळ घेतला. या युद्धाला नावच 'टोयोटा युद्ध' पडलं. युद्ध गाडीनं जिंकलं असं मात्र समजू नका. फ्रेंच विमानांचा आधार होता, वाळवंट तळहातासारखं ओळखणारी माणसं होती. गाडीनं एवढंच केलं की ती रोज सकाळी सुरू झाली. ज्यानं वाहनं सांभाळली आहेत त्याला विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे. पुढे सोमालियापासून सीरियापर्यंत बंडखोर आणि दहशतवाद्यांनीही याच गाड्या वापरल्या आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारनं कंपनीकडे विचारणा केली. चांगल्या मालाला गिऱ्हाईक निवडता येत नाही.

आपल्याकडे टोयोटा आधी १९८०च्या दशकात डीसीएमबरोबर छोटे ट्रक घेऊन आली. ते फारसं जमलं नाही. मग १९९७ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी झाली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणरावांचं हे घराणं आणि मागापासून निघालेलं ते घराणं, जोडी शोभून दिसते. २००० साली क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा. त्यानंतर शिर्डी, पंढरपूरच्या वाटेवर भाड्याच्या गाडीला लोक 'इनोव्हा' म्हणू लागले. पण याच बिडदीत नोव्हेंबर २०२० मध्ये कामाचा ताण वाढवल्याची तक्रार करत कामगार बसून राहिले आणि कंपनीनं टाळं लावलं. दोरी ओढायचा अधिकार गाडीतल्या दोषापुरता आहे की माणसाच्या थकव्यालाही लागू आहे, हा प्रश्न १९५० पासूनचाच.

आता घसरणीचं. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एक लेक्सस थांबेना. पायाखालच्या चटईत वेगाचं पेडल अडकलं होतं. गाडीतले चौघे गेले. नंतर चिकटणाऱ्या पेडलचाही दोष निघाला, लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचीचा पणतू आकिओ टोयोदा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागायला उभा राहिला. कंपनी गरजेपेक्षा वेगानं वाढली, असं त्यानं स्वतः सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असल्याचा संशय नासाच्या तपासात खरा ठरला नाही, पण २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य करून टोयोटानं १२० कोटी डॉलर भरले. पेडल अडकणं हा यंत्राचा दोष. माहिती दाबणं म्हणजे धागा तुटलेला दिसत असताना कापड विणत राहणं.

आणि हे तिथेच संपलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूत सुरक्षा चाचण्यांमधले गैरप्रकार उघड झाले. ६४ मॉडेलं त्यात सापडली. महिन्याभरात, जानेवारी २०२४ मध्ये, डिझेल इंजिनांच्या शक्ती-चाचणीत गडबड निघाली. त्या इंजिनांच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स बिडदीहून पाठवणं काही दिवस थांबवावं लागलं. ही इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं नाव टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे साकिचीची मूळ माग कंपनी. धागा तुटला की थांबणारा तो माग हिच्याच कारखान्यात बनत असे.

पाठवणी फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. विक्रीवर फार परिणाम झाला नाही, रांगा पूर्वीसारख्याच आहेत. जून २०२४ मध्ये खुद्द टोयोटाच्या सात मॉडेलांच्या चाचण्यांतही गैरप्रकार निघाले आणि आकिओ टोयोदा पुन्हा एकदा पत्रकारांपुढे वाकून उभा राहिला.

पुढच्या भागात जबलपूर, शक्तिमान आणि राहिलेली जोंगा. जय हिंद.