आगकाड्यांची मौज



यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत मृगाचा पाऊस पडला कीं सरकी टोबली जाते, आणि आठवड्याभरांत कोंब मातीबाहेर डोकावूं लागतो. पुढें त्याची पऱ्हाटी होते, तिला पातें लागतें, फूल येतें, बोंड फुटतें. हें सारें शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत घडतें. तरी पऱ्हाटी वाढतांना कोणीं पाहिली आहे काय? ती वाढलेली दिसते, वाढतांना दिसत नाहीं. निसर्गाची चाल आमच्या दृष्टीला फार मंद पडते.

ही मंद चाल पडद्यावर जलद करून दाखविण्याचा उद्योग १९१२ सालीं मुंबईंत एका मराठी गृहस्थानें केला. धुंडिराज गोविंद फाळके हें त्यांचें नांव. जन्म त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या त्यांनीं हस्तगत केल्या होत्या. एका जर्मन जादूगाराजवळ हातचलाखीहि शिकले होते आणि ‘फाळके’ हें नांव उलटें करून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून खेळहि करीत असत. चलच्चित्रांचा ध्यास लागल्यावर त्यांनीं आपला विमा गहाण टाकला, विलायत गांठली व कॅमेरा घेऊन ते परत आले. परंतु चित्रपटाला लागणारें भांडवल कोण देणार? नुसत्या शब्दांवर विसंबून पैसा बाहेर पडत नाहीं, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोविला. ठराविक अंतरानें एकेक चित्र घ्यावें व पुढील वेळेची वाट पाहावी, असा क्रम महिनाभर चालला. ती फीत पडद्यावर सोडतांच अंकुर मातींतून वर आला, पानें उलगडलीं व वेल डोलूं लागला! ‘अंकुराची वाढ’ हें तें चित्र. तें पाहून कर्ज देणारे पुढें आले, सरस्वतीबाईंनीं आपले दागिनेहि काढून दिले, आणि १९१३ च्या मे महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन नाट्यगृहांत लोकांपुढें आला. एका वाटाण्याच्या रोपानें एका धंद्याची मुहूर्तमेढ रोविली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही किमया कशी घडते? मूकपटाच्या काळीं सेकंदाला सुमारें सोळा चित्रें पडद्यावरून सरकत. प्रत्येक चित्र स्वतः निश्चल असतें; परंतु शेजारच्या दोन चित्रांत अल्पसा फरक असला, तर तीं झपाट्यानें पुढें सरतांना आपला मेंदू त्यांचा सांधा स्वतः जुळवितो व गति पाहतो. म्हणजे एका मिनिटासाठीं नऊशें साठ चित्रें हवीत. दोन चित्रांमध्यें वस्तु हातानें किंचित् सरकविली, तर निर्जीव वस्तुहि चालूं लागेल!

याच युक्तीवर फाळक्यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ हें लहानसें चित्र रचिलें. आदल्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें होतें, भांडवलदारांनीं हात आंखडला होता आणि मोठें चित्र काढण्याची सोय उरली नव्हती. आगकाडीला मात्र पगार लागत नाहीं, पोशाख लागत नाहीं! एक काडी ठेवावी, एक चित्र घ्यावें. काडी केसभर हलवावी, पुन्हा एक चित्र घ्यावें. हा खेळ दिसायला पोरखेळ. करणाराची मात्र कंबर मोडणारा. दुर्दैवानें त्या चित्राची प्रत आज उरलेली नाहीं. उरलें आहे तें केवळ नांव.

पुढील चित्रांत हीच बुद्धि अधिक विस्तारली. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) या चित्रांत भयभीत कंसाला जिकडे तिकडे कृष्णच दिसतो आणि त्याचें शिर धडावेगळें होऊन पुन्हा जागेवर येतें. अशा चमत्कारांचें मर्म सोपें आहे. दृश्याचा कांहीं भाग काळ्या आवरणानें झांकावा, चित्र घ्यावें, फीत मागें गुंडाळावी, आणि मग झांकलेला भाग उघडा करून त्याच फितीवर दुसरें दृश्य उतरवावें. एक आंकडा चुकला कीं सारी फीत वाया!

आजच्या तरुणाला हें काम संगणकावर करितां येतें. ‘आफ्टर इफेक्ट्स’ नांवाची प्रणाली १९९३ सालीं आली आणि अशा साधनांच्या बळावर यवतमाळच्या घरींहि एखादा विद्यार्थी आंतरजालासाठीं हालतीं चित्रें रचूं शकतो. एखाद्या अक्षराचें आरंभस्थान व अंतस्थान नेमून दिलें कीं मधल्या चौकटी यंत्र स्वतः भरतें. थरावर थर ठेवावे, हवा तो भाग झांकावा. हें फाळक्यांचेंच काळें आवरण, पण चूक झाली तर एका कळीनें पूर्ववत् होणारें.

तथापि यंत्र मधल्या चौकटी भरतें म्हणून गति सजीव होते असें नाहीं. चेंडू वर जातांना मंदावतो, शिखरावर क्षणभर थबकतो, खालीं येतांना वेग घेतो. हें ज्यानें डोळ्यांनीं टिपलें नाहीं, त्याचा चेंडू संगणकावरहि दोरीनें ओढल्यासारखाच सरकेल. कोठें थांबावें व कोठें वेग घ्यावा, हा निर्णय आजहि माणसाचाच आहे.

दादासाहेब फाळके १९४४ च्या फेब्रुवारींत नाशिक येथें निवर्तले. अखेरचीं वर्षें हलाखीचीं गेलीं. त्यांच्या पुष्कळ चित्रांच्या फिती काळानें गिळल्या. परंतु संगणकापुढें बसणाऱ्या तरुणानें आपल्या कामाला आरंभ करण्यापूर्वीं एकदां शेताच्या बांधावर जाऊन नव्या कोंबाकडे स्वस्थपणें पाहावें. कुंडीपुढें महिनाभर बसलेल्या त्या गृहस्थाची शाळा तेथें अद्यापि उघडी आहे.