मिठाचा हॉट टब आणि दोनशे वर्षांपूर्वीची एक बॅटरी

"आमचा टब मिठाचा आहे, क्लोरीनचा नाही." अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडून हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझं संशोधन पाणी निर्जंतुक करण्याच्या इतिहासावर आहे, त्यामुळे मला हे ऐकून गप्प बसवत नाही. मिठाच्या टबात क्लोरीनच असतो. फक्त तो डब्यातून येत नाही, तिथल्या तिथे तयार होतो.

ही युक्ती जुनी आहे. १८०० मध्ये व्होल्टाने आपली बॅटरी जाहीर केली आणि त्याच वर्षी विल्यम क्रुकशँकने मिठाच्या पाण्यातून वीज सोडून पाहिली. एका टोकाला क्लोरीन, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आणि अल्कली. गंमत म्हणजे 'क्लोरीन' हे नाव डेव्हीने दिलं ते १८१० मध्ये! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या यूजीन एर्मितने समुद्राच्या पाण्यात वीज सोडून सांडपाणी निर्जंतुक करण्याचे प्रयोग केले. पहिल्या महायुद्धात 'अ‍ॅक्विटेनिया' या हॉस्पिटल जहाजावर हेन्री डेकिनने समुद्राच्याच पाण्यातून जंतुनाशक बनवलं. जहाजाला पाण्याची काय कमी!

मग हे यंत्र घराघरांत यायला इतका वेळ का लागला? अडचण इलेक्ट्रोडची होती. ग्राफाइटचे इलेक्ट्रोड झिजायचे, प्लॅटिनम परवडायचं नाही. १९६०च्या दशकात हेन्री बेअरने टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर देण्याची पेटंटं घेतली आणि क्लोरीन-उद्योगच बदलला. आजच्या टबातल्या सेलमध्ये त्याच घराण्यातली पत्री असते. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, टबात दोन-तीन ग्रॅम, तरी काम भागतं.

आता खरी कटकट: पीएच सारखा वर चढतो. बहुतेक लोक सेलला दोष देतात, कारण तिथे अल्कली तयार होते. पण नीट हिशोब करा. क्लोरीन त्या अल्कलीत विरघळतो आणि जंतू मारून संपला की आम्लच मागे राहतं, म्हणजे जमाखर्च जवळजवळ शून्य. पीएच मुख्यतः चढतो तो पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो म्हणून. टबात फवारे, बुडबुडे आणि चाळीस अंशांच्या आसपासची उष्णता. सोडावॉटरची बाटली हलवल्यासारखंच. म्हणून नुसतं आम्ल ओतत बसण्यापेक्षा एकूण अल्कलिनिटी थोडी खाली ठेवली, तर उडून जायला वायूच कमी उरतो.

हे महत्त्वाचं का? पीएच साधारण ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मा जोरकस रूपात, म्हणजे हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. पीएच ८ला जेमतेम पाव. तपासणीच्या पट्टीवर मात्र आकडा तोच दिसतो! आणि कोमट, फेसाळ पाणी म्हणजे लेजिओनेला जंतूंची आवडती जागा. १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या बोव्हेनकार्स्पेल इथे फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी एक टब चालू ठेवला होता. तो मिठाचा होता असं नाही. त्यात आंघोळीला कोणी उतरलं नव्हतं. लोक फक्त शेजारून गेले, तुषार श्वासात गेले. शंभरावर माणसं आजारी पडली आणि तीसच्या आसपास दगावली.

शेवटी एक, कारण ही तक्रार मी फार वेळा ऐकते. यंत्र 'मीठ कमी' म्हणालं की लगेच गोणी उघडू नका. मीठ उडून जात नाही. ते जातं फक्त टब रिकामा केल्यावर किंवा पाणी बाहेर सांडल्यावर. आधी सेल काढून उजेडात पाहा. हायड्रोजन सुटतो त्या पत्रीजवळ पीएच खूप वर असतो आणि तिथे चुना बसतो. पांढरा थर दिसला तर पातळ केलेल्या आम्लात सेल धुवा, परत बसवा आणि मगच मीठ मोजा.