संकल्पभूमीचा वड

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या त्या वडाखाली मी प्रथम गेलो, तेव्हा पिशवीत बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ होते. १९१७ साली परदेशात शिकून ते बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. अस्पृश्याला हिंदू हॉटेलात जागा नव्हती. पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही आसरा दिला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास त्यांनी या बागेत काढले.

अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प त्यांनी या वडाखाली केला, असे आपला समाज सांगतो आणि २३ सप्टेंबरला तेथे वंदनेसाठी जमतो. त्यांच्या कथनात बाग आहे, आईवडिलांची आठवण आहे. वड नाही, संकल्पाचे शब्दही नाहीत. शिक्षक म्हणून मी अस्वस्थ झालो.

कागद कोणता आणि लोकस्मृती कोणती, हे आपण विद्यार्थ्यांना स्वच्छ सांगितले पाहिजे. पण हेही सांगितले पाहिजे, की त्या शहराने ज्याला छप्पर नाकारले, त्याला सावली आपल्या माणसांनी दिली. हाही इतिहासच आहे.