दीन-इ-इलाही आणि इलाही सन

रिठद ज्या वाशीम भागांत आहे, तो १५९६ मध्यें चांदबिबीनें वऱ्हाड सोडून दिल्यावर मोंगलांकडे गेला. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याखालीं 'बासिम' सरकारची नोंद आहे. या बाजूच्या संग्राहकास इलाही सनाचें नाणें किंवा फारसी कागद लाभला, कीं तो अकबराच्या 'दीन-इ-इलाही'चा अवशेष समजण्याचा मोह होतो. त्यास आधार किती, हें पाहिलें पाहिजे.

फत्तेपूर शिक्री येथें १५७५ मध्यें बांधलेल्या इबादतखान्यांत प्रथम मुसलमान विद्वानांचे वाद झाले; पुढें ब्राह्मण, जैन, पारशी आणि १५८० मध्यें गोव्याहून आलेले जेझुइट पाद्रीही बादशहापुढें आपापलें मत मांडूं लागले. यावरून सर्व धर्मांचें सार काढून बादशहानें नवा धर्म स्थापिला, असें बहुधा लिहिलें जातें. परंतु आईनांतील प्रकरण शिष्यत्व पत्करणारांच्या नियमांचें आहे. शिष्य रविवारीं पगडी हातीं घेऊन बादशहाच्या पायांवर मस्तक ठेवी. बादशहा ती पुन्हां त्याच्या डोक्यावर ठेवी. धर्मग्रंथ नाहीं, पुरोहितवर्ग नाहीं, देवालय नाहीं. हें नातें पीर-मुरिदांचेंच दिसतें.

बदायुनी हा अकबराचा कडवा टीकाकार. त्याच्या मतें शिष्यानें मालमत्ता, जीव, अब्रू आणि धर्म हीं चार बादशहास वाहावयाचीं असत. पण त्याचीच एक हकीकत बोलकी आहे. १५८७ मध्यें राजा मानसिंगास शिष्यत्वाविषयीं विचारलें असतां त्यानें कळविलें, कीं प्राण तर मीं आधींच हातावर घेतला आहे. मी हिंदु आहें, आज्ञा झाल्यास मुसलमान होईन, याहून तिसरी वाट मला ठाऊक नाहीं. बादशहानें पुढें आग्रह धरला नाहीं. ब्लॉकमननें १८७३ च्या आपल्या भाषांतरांत जुळविलेल्या यादींत अठराच अनुयायी असून हिंदु एकटा बिरबल! सर्व प्रजेचा धर्म एक करूं पाहणाऱ्या राजाची ही कमाई म्हणावयाची काय?

इलाही सन ही गोष्ट निराळी. तो १५८४ मध्यें सुरू करून त्याची गणना १५५६ च्या नवरोजापासून केली. वर्ष सौर, महिने फरवर्दीन इत्यादि इराणी. सनांत १५५५ मिळविले असतां मार्चपासून सुरू होणारें इसवी वर्ष मिळतें. सन हें कालगणनेचें साधन. त्यावरून लेखकाची श्रद्धा ठरत नाहीं. मात्र अकबराच्या इलाही नाण्यांवरील 'अल्लाहु अकबर' व 'जल्ल जलालुहु' हे शब्द शिष्यांच्या परस्पर अभिवादनांतही होते, हा संबंध लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जहांगिराच्या नाण्यांवरही इलाही महिने येतात, पण त्यांसोबतचा वर्षाचा आंकडा त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षाचा असतो. तेथें १५५५ मिळवूं नयेत.